पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी: कोणता खर्च कोणाचा, आणि तो तपासायचा कसा

पगाराच्या स्लिपवर मूळ वेतन १५,००० आणि कपातीत ‘पीएफ ३,६००’ अशी एकच ओळ दिसली, तर मालकाचा वाटाही कामगाराकडूनच वसूल होतो आहे. १५,०००च्या १२ टक्के म्हणजे १,८०० एवढीच कामगाराची कपात. तेवढीच रक्कम मालकाने स्वतःच्या खिशातून घालायची असते. हे कळायला वकील लागत नाही, स्लिप आणि कॅल्क्युलेटर पुरतो. तरीही छोट्या कारखान्यांत आणि ठेकेदारांच्या हाताखाली हा प्रकार वर्षानुवर्षं चालतो, कारण कोणता पैसा कोणी द्यायचा हे दोन्ही बाजूंना नीट माहीत नसतं.

मालक, हिशेब ठेवणारा आणि कामगार तिघांनाही आपापला आकडा काढता यावा, अशी ही माहिती आहे. वाचताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. कायद्याने वाटा कोणाचा हा एक प्रश्न, तो सरकारी खात्यात जमा करायची जबाबदारी कोणाची हा दुसरा, आणि शेवटी भार कोणावर जाऊन पडतो हा तिसरा. बहुतेक भांडणं हे तीन प्रश्न एकात मिसळल्यामुळे होतात.

आधी वेतन ठरवा, टक्के नंतर

टक्के सगळ्यांना पाठ असतात, चूक होते ती कशाचे टक्के यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता (जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे) लागू झाल्या. पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांचे दर त्यामुळे बदलले नाहीत, बदलली ती वेतनाची व्याख्या. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन यांसारख्या ठरावीक गोष्टी वेतनातून वगळता येतात, पण वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरावा लागतो.

समजा महिन्याचा पगार ४०,००० आहे. त्यात मूळ वेतन १२,००० आणि बाकीचे २८,००० घरभाडे व प्रवास भत्ता. निम्मे म्हणजे २०,०००. वगळलेली रक्कम त्याहून ८,००० जास्त, म्हणून ते ८,००० वेतनात येतात आणि वेतन २०,००० होतं. पूर्वी १२,०००वर १,४४० रुपये पीएफ कापत असाल, तर आता कायद्याच्या १५,००० मर्यादेपर्यंत १,८०० कापावे लागतील आणि मालकालाही तेवढेच घालावे लागतील. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम, तर पूर्ण २०,०००वर मोजली जाईल, तिला १५,०००ची मर्यादा नाही.

भत्त्यांची नावं बदलून पीएफ वाचवायचा मार्ग त्याआधीही बंदच होत आला होता. सरसकट सगळ्यांना मिळणारा विशेष भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिला. मूळ वेतन ८,००० आणि विशेष भत्ता ७,००० दाखवून ८,०००वरच पीएफ भरणाऱ्यांनी अजूनही रचना बदलली नसेल, तर तपासणीत मागची थकबाकी निघते. ती कशी महाग पडते ते पुढे येईल.

पीएफ: मालकाच्या १२ टक्क्यांचं काय होतं

कामगाराचे १२ टक्के पूर्णच्या पूर्ण त्याच्या पीएफ खात्यात जातात. मालकाच्या १२ टक्क्यांचे दोन भाग होतात: ८.३३ टक्के पेन्शन योजनेत, तेही १५,०००च्या मर्यादेपर्यंतच, आणि उरलेले पीएफ खात्यात. १५,००० वेतनावर पासबुकात तीन आकडे दिसतात: कामगाराचा वाटा १,८००, मालकाचा वाटा ५५०, पेन्शन १,२५०. ‘कंपनीने ५५०च भरले, बाकीचे खाल्ले’ ही तक्रार याच ओळीवरून होते आणि ती चुकीची असते. ५५० अधिक १,२५० केले की १,८०० होतात. आधी ही बेरीज करा, मग मालकाशी बोला.

याशिवाय मालकावर आणखी दोन रकमा असतात, ज्यांचा कामगाराच्या स्लिपशी काही संबंध नाही. एक म्हणजे ईडीएलआय या विम्याचे ०.५ टक्के, माणसामागे जास्तीत जास्त ७५ रुपये. कामगाराचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसाला या विम्यातून ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते, आणि त्यासाठी कामगाराने एक रुपयाही भरलेला नसतो. घरच्यांना हे माहीत असावं आणि ऑनलाइन वारसनोंद पूर्ण असावी. दुसरी रक्कम प्रशासन शुल्काची, तीही ०.५ टक्के, पण आस्थापनेमागे महिन्याला किमान ५००. म्हणजे सगळ्यांचं मिळून पीएफ वेतन एक लाखाच्या खाली असेल तर दर ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त पडतो. तीन-चार माणसांवर ऐच्छिक नोंदणी घेणाऱ्या दुकानदाराने हे धरूनच हिशेब करावा.

केंद्र सरकारही यात थोडं घालतं: पेन्शन योजनेत वेतनाच्या १.१६ टक्के, १५,०००च्या मर्यादेत, म्हणजे महिना १७४ रुपयांपर्यंत. हा पैसा पासबुकात वेगळा दिसत नाही.

एक चूक वारंवार होते. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेला आणि रुजू होतानाच १५,०००पेक्षा जास्त वेतन असलेला माणूस पेन्शन योजनेचा सदस्य होत नाही. त्याच्या बाबतीत मालकाचे पूर्ण १२ टक्के पीएफ खात्यातच जायला हवेत. पगाराचं सॉफ्टवेअर मात्र सवयीने १,२५० पेन्शनकडे वळवतं. नोकरी सोडून पैसे काढायच्या किंवा खातं नव्या कंपनीत हलवायच्या वेळी हा घोळ समोर येतो आणि दुरुस्तीला महिने लागतात. रुजू होतानाच्या फॉर्म ११ मध्ये आधी पीएफचे सदस्य होता का, याचं उत्तर खरं आणि पूर्ण भरा. मालकानेही तो फॉर्म न वाचता फाइलला लावू नये.

कामगाराला १२ टक्क्यांहून जास्त कापून घ्यायचं असेल तर तसं करता येतं, पण मालकाने त्या जादा रकमेला तेवढीच भर घालायची सक्ती नाही.

ईएसआय: छोटा दर, मोठा आधार

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत २१,०००पर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआय लागू होतो, अपंग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. १ जुलै २०१९ पासून मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. १८,०००वर मालकाचे ५८५, कामगाराचे १३५. रुपयाचा अपूर्णांक आला तर वरच्या पूर्ण रुपयात धरायचा. दवाखान्यांच्या आणि औषधोपचाराच्या खर्चातला आठवा भाग राज्य सरकार उचलतं, बाकीचा ईएसआय महामंडळ.

मधेच पगार वाढून २१,०००च्या वर गेला तर लगेच कपात थांबवायची नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन वर्गणीचे काळ असतात. मे महिन्यात पगार २२,००० झाला तर सप्टेंबरअखेरपर्यंत, आणि पूर्ण २२,०००वर, दोघांचाही वाटा भरायचा. हे चुकतं कारण पगारवाढीच्या पत्राबरोबर ईएसआयची खूणही काढून टाकली जाते. मग त्या कामगाराचं वर्गणीचं गणित कमी पडतं: आजारपणाच्या भत्त्यासाठी त्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते, आणि नेमकी गरज असते तेव्हा अर्ज नामंजूर होतो.

जे पूर्णपणे मालकाचंच आहे

ग्रॅच्युइटीत कामगाराचा वाटा नसतोच. शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. कायद्याने कमाल २० लाख. एरवी पाच वर्षं सेवा लागते, पण नव्या संहितेनुसार ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला एका वर्षानंतरही प्रमाणात मिळते. ही सवलत मोठी आहे आणि कंत्राटाची मुदत संपून घरी जाणाऱ्या बहुतेकांना तिचा पत्ताच नसतो.

मालकांसाठी एक इशारा. महिन्याला वेतनाच्या ४.८१ टक्के बाजूला काढले की ग्रॅच्युइटीची सोय झाली, असं समजलं जातं. तो आकडा १५ भागिले २६ भागिले १२ यातून येतो आणि आजच्या वेतनावर आजच्या वर्षापुरताच बरोबर आहे. देणं मात्र शेवटच्या वेतनावर असतं. आज २०,००० घेणारा दहा वर्षांनी ४०,००० घेत असेल, तर आजच्या वर्षाचीही ग्रॅच्युइटी ४०,०००नेच द्यावी लागेल. पगारवाढ झाली की मागच्या सगळ्या वर्षांचा फरकही बाजूला काढा, नाहीतर दोन जुनी माणसं एकाच वर्षी निवृत्त झाली की धंद्याच्या खेळत्या पैशाला हात लागतो.

बोनस २१,०००पर्यंत वेतन असलेल्यांना, किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के. हिशेबाला ७,००० किंवा त्या कामाचं किमान वेतन, यांतली मोठी रक्कम धरायची. ‘७,०००च्या ८.३३ टक्के’ हे जुनं पाठांतर अनेक ठिकाणी अजून चालू आहे, आणि जिथे किमान वेतन त्याच्या दुप्पट आहे तिथे कामगाराला निम्माच बोनस मिळतो.

अपघाताची भरपाई हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. ईएसआयमध्ये असलेल्याला कामावर अपघात झाला तर महामंडळ बघतं. वेतन २१,०००च्या वर गेलं की तो माणूस त्या छत्राबाहेर येतो आणि भरपाईची जबाबदारी थेट मालकावर पडते. मृत्यू झाल्यास वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयाचा घटक. वेतन जास्तीत जास्त १५,००० धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा घटक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५०. हा बोजा एका वर्कशॉपला एकदम पेलवणारा नाही. म्हणून पगारवाढीने कोणी ईएसआयबाहेर जात असेल तर त्याच दिवशी कामगार भरपाईची विमा पॉलिसी वाढवून घ्या. तिचा हप्ता मालकाचाच, तो पगारातून कापायचा नाही.

प्रसूती रजेचा भार

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, पुढे १२ आठवडे, पूर्ण पगारी. हा खर्च कोणाचा, हे मुख्यतः त्या बाईच्या पगारावर अवलंबून आहे. २०,००० घेणारी कर्मचारी ईएसआयमध्ये असेल आणि आधीच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी असेल, तर पैसे महामंडळ देतं. मालकाला रजेच्या काळात तिचा पगार द्यावा लागत नाही. तीच कर्मचारी ३०,०००वर असेल तर जवळजवळ १,८०,००० रुपये एकट्या मालकाच्या खिशातून जातात, शिवाय बदली माणसाचा पगार वेगळा.

हा भार अशा रीतीने एकट्या मालकावर टाकणं आम्हाला योग्य वाटत नाही. सगळ्यांच्या वर्गणीतून चालणाऱ्या निधीवर तो पसरला, तर छोट्या कार्यालयात तिशीतल्या मुलींच्या अर्जाकडे बघायची नजर बदलेल. पण आज कायदा असा आहे, आणि त्यातून सुटण्यासाठी गरोदर कर्मचारीला राजीनामा द्यायला लावणं हा गुन्हा आहे. मालकाने करायचं ते एवढंच: कर्मचाऱ्यांत २१,०००वरच्या किती स्त्रिया आहेत ते पाहून दरवर्षी थोडी रक्कम वेगळी ठेवायची. कर्मचारीने करायचं ते म्हणजे लेखी सूचना देऊन त्याची पोच घ्यायची. रजेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे. पन्नास किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत पाळणाघराची सोयही मालकाच्या खर्चाने.

महाराष्ट्रात आणखी काय

कामगार कल्याण निधीत जून आणि डिसेंबरमध्ये कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये जातात. व्यवसाय कर हा मात्र लाभ नव्हे, तो राज्याचा कर आहे: १०,०००च्या वर पगार असेल तर महिना २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. स्त्रियांना २५,०००पर्यंत तो लागत नाही. तरी स्लिपवर २०० कापलेले दिसले तर परत मागा.

माथाडी कामगारांची पद्धत निराळी आहे आणि आमच्या मते शिकण्यासारखी. १९६९च्या कायद्याने व्यापारी किंवा कारखानदार मजुरी माथाडी मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरतो. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा हे सगळं त्या लेव्हीतून मंडळ देतं. माल कोणाचा, ट्रक कोणाचा, त्या दिवशी मालक कोण, या वादात कामगाराचं नुकसान होत नाही.

एका माणसाचा पूर्ण हिशेब

पुरुष कामगार, वेतन १८,०००, सगळं मूळ वेतन आणि महागाई भत्ता. पीएफ १५,०००च्या मर्यादेवर. त्या कामाचं किमान वेतन १३,००० धरू.

मालकाचा महिन्याचा खर्च:
- वेतन १८,०००
- पीएफ आणि पेन्शन १,८००
- ईडीएलआय ७५, प्रशासन शुल्क ७५
- ईएसआय ५८५
- ग्रॅच्युइटीची तरतूद ८६५
- किमान बोनस १,०८३
- कल्याण निधी, महिन्यावर वाटून साडेबारा रुपये

बेरीज सुमारे २२,४९५. म्हणजे वेतनाच्या वर जवळपास चौथा भाग. भरपगारी रजा आणि सुट्ट्या यात धरलेल्या नाहीत.

कामगाराच्या हातात: १८,००० वजा पीएफ १,८००, ईएसआय १३५, व्यवसाय कर २००. राहिले १५,८६५. मालकाला २२,५०० पडतात आणि कामगाराला १५,८६५ दिसतात. मधल्या साडेसहा हजारांतला बहुतेक भाग कामगाराचाच आहे, पण पुढे केव्हातरी मिळणारा. मालकाने हा कागद माणसासमोर ठेवावा. नव्वद टक्के गैरसमज तिथेच संपतात.

‘हातात इतके’ असं ठरलं असेल तर

तोंडी ठरवताना ‘हातात १५,००० देईन’ असं मालक म्हणतो आणि नंतर १५,०००वरच कपाती करतो. शब्द पाळायचा तर उलटं गणित करावं लागतं. हातातले १५,०००, व्यवसाय कर २००, पीएफ १,८०० मिळून १७,०००. ईएसआयचे ०.७५ टक्के जायचे आहेत म्हणून १७,००० भागिले ०.९९२५, म्हणजे १७,१२९. पडताळून पाहा: ईएसआय १२९, पीएफ १,८००, कर २००, हातात बरोबर १५,०००. मालकाचे स्वतःचे वाटे या १७,१२९च्या वर. नेमणूक पत्रात नेहमी ढोबळ, म्हणजे कपातीआधीचा पगार लिहा, हातातला नको. दर बदलले की हातातल्या रकमेचा वाद होतो, ढोबळ रकमेचा होत नाही.

सीटीसीचं पत्र वाचताना

इथे सुरुवातीचा तिसरा प्रश्न येतो: भार शेवटी कोणावर? कायदा म्हणतो मालकाचा वाटा मालकाचा. १९५२च्या पीएफ कायद्यात आणि योजनेत तर स्पष्टच होतं की करारात काहीही लिहिलेलं असलं तरी तो वाटा कामगाराकडून वसूल करता येणार नाही, आणि वर्गणी भरावी लागते म्हणून वेतन कमी करण्यालाही मनाई. पण ऑफर देतानाच कंपनी माणसावरच्या एकूण खर्चाचा आकडा (सीटीसी) सांगते आणि त्यात आपला वाटा आधीच धरते.

वर्षाला ६ लाखांची ऑफर घ्या. महिन्याला ५०,०००. मूळ वेतन २५,०००, पीएफ पूर्ण मूळ वेतनावर. मालकाचे ३,०००, ग्रॅच्युइटीचे १,२०२, आरोग्य विम्याचे ५००, कामगिरीवर अवलंबून असलेले ५,००० बाजूला काढले की महिन्याचा ढोबळ पगार ४०,२९८ उरतो. त्यातून स्वतःचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेले, हातात ३७,०९८. पन्नास हजार ऐकून घरभाड्याचा करार करणाऱ्याला पहिल्याच महिन्यात धक्का बसतो.

पत्र हातात आलं की सही करण्याआधी एवढं विचारून घ्या, उत्तर मेलवर मागा. मालकाचा पीएफ सीटीसीच्या आत आहे की वर? पीएफ पूर्ण मूळ वेतनावर की १,८०० रुपयांवर? आत असेल आणि १,८००वर मर्यादित केला, तर दोन्हीकडचे मिळून २,४०० रुपये करापूर्वी हातात वाढतात, पण म्हातारपणीची शिल्लक तेवढीच घटते. आमचा सल्ला, घरखर्च भागत असेल तर पूर्ण वेतनावरच ठेवा. ग्रॅच्युइटी आकड्यात धरली असेल तर ती पाच वर्षांआधी नोकरी सोडल्यास मिळणार नाही, हे लक्षात ठेवून दोन ऑफरची तुलना करताना ती रक्कम वजाच करा. कामगिरीची रक्कम मागच्या वर्षी लोकांना साधारण किती मिळाली, हेही विचारा.

एक सीमारेषा पक्की आहे. मालकाचे वाटे सीटीसीत धरल्यामुळे प्रत्यक्ष वेतन किमान वेतनाच्या खाली जात असेल, तर ती रचना चालत नाही. आणि चालू पगारातून ‘आता पीएफ लागू झाला’ म्हणून मालकाचे १२ टक्के वळते करणंही चालत नाही. संस्थेत वीस माणसं होऊन पीएफ लागू झाला की नेमकं हेच घडतं.

बाजारात शेवटी भार कुठे जातो, याला एकच उत्तर नाही. माणसांची टंचाई असलेल्या कामात मालकाला तो स्वतः सोसावा लागतो किंवा ग्राहकाच्या बिलात घालावा लागतो. माणसं रांगेत उभी असतात तिथे तो पुढच्या पगारवाढीतून हळूच वसूल होतो. किमान वेतनावरच्या कामात वेतन खाली आणता येत नाही, म्हणून मालक संख्या दहाच्या किंवा विसाच्या आत ठेवतो, किंवा माणसं मस्टरवरच घेत नाही. यातला शेवटचा मार्ग सर्वांत वाईट, कारण त्यात कामगार सगळंच गमावतो आणि अपघात झाला तर मालकही वाचत नाही.

ठेकेदाराचं बिल

ठेकेदाराची माणसं असली तरी त्याने वर्गणी बुडवली तर वसुली मूळ मालकाच्या दारात येते. म्हणून बिल एकाच रकमेचं घेऊ नका. वेतन, पीएफचे १३ टक्के, ईएसआयचे ३.२५ टक्के, बोनस, रजा, ठेकेदाराचा सेवा आकार, या ओळी वेगळ्या मागा. मग मागच्या महिन्याचं चलन आणि त्यासोबतची नावांची ईसीआर यादी (कोणाच्या किती वेतनावर किती भरलं ती) घ्या आणि तुमच्या गेटवरच्या हजेरीशी नाव न् नाव जुळवा. फक्त चलनाची प्रत पुरत नाही, ते दुसऱ्याच जागेवरच्या माणसांचं असू शकतं. नाव यादीत आहे पण दिवस कमी दाखवलेत, हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो: हजेरी २६ दिवस, ईसीआरमध्ये वेतन १५ दिवसांचं. फरक दिसला तर तेवढी रक्कम बिलातून रोखा आणि लेखी कळवा.

उशीर झाला तर

पीएफ आणि ईएसआय दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. उशीर झाला तर पीएफवर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर दरमहा १ टक्का दंड. हे सगळं मालकाचं, कामगारावर टाकता येत नाही. कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा उशिरा भरला, तर प्राप्तिकरात तो खर्च म्हणून नाकारला जाईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला होता. म्हणून पैसे अपुरे असतील तर पगार एक दिवस उशिरा द्या, पण कापलेले पैसे आधी भरा. तो पैसा तुमचा नाही, तुमच्याकडे ठेवायला दिलेला आहे.

आणि ज्या महिन्यात कामगाराचा वाटा कापायचाच राहिला, तो पुढच्या पगारातून परस्पर वसूल करता येत नाही. दोन्ही वाटे मालकाच्या डोक्यावर येतात. भत्त्यांच्या नावाखाली लपवलेल्या वेतनाची जुनी थकबाकी म्हणूनच १२ नव्हे, २४ टक्क्यांनी अधिक व्याज आणि दंडाने निघते.

कामगाराने दर तिमाहीला उमंग अ‍ॅपवर किंवा पीएफच्या संकेतस्थळावर पासबुक उघडून स्लिपशी ताळा करावा. दोन महिने नोंद नसेल तर आधी कार्यालयात लेखी विचारा, मग पीएफच्या तक्रार पोर्टलवर यूएएन (पीएफ सदस्याचा कायम) क्रमांकासह तक्रार टाका आणि स्लिप जोडा. स्लिपच मिळत नसेल तर बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद आणि हजेरीचा फोटो उपयोगी पडतो.

सरकारचा वाटा, आणि ज्यांना मालकच नाही किंवा अनेक आहेत

नव्या माणसांच्या भरतीत काही काळ सरकार वाटा उचलतं. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातल्या भरतीसाठीच्या रोजगार योजनेत एक लाखापर्यंत वेतन असलेल्या नव्या माणसामागे मालकाला महिना ३,००० रुपयांपर्यंत, दोन वर्षं मिळतात. उत्पादन क्षेत्रात चार वर्षं. पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर किमान दोन, नाहीतर पाच जण वाढवावे लागतात आणि ते सहा महिने टिकावे लागतात. पहिल्यांदा पीएफमध्ये येणाऱ्याला एक महिन्याच्या वेतनाइतकी, १५,०००पर्यंतची रक्कम दोन हप्त्यांत. ती कामगाराची आहे, पगारात वळती करू नका.

बांधकामात बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर बांधणाऱ्याकडून घेतला जातो, पण लाभ फक्त बांधकाम कामगार मंडळात नोंदलेल्या कामगाराला. नोंदणीला मागच्या वर्षातल्या ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तो मुकादमाने किंवा ठेकेदाराने टाळाटाळ न करता द्यावा, उपकर आधीच भरला गेलेला असतो. अ‍ॅपवरून डिलिव्हरी किंवा गाडी चालवणाऱ्यांसाठी संहितेत कंपन्यांवर उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणी ठेवली आहे, कामगारांना द्यायच्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या आत. ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी) नोंदणी करून ठेवलेली असली की पुढे हक्क सांगणं सोपं जातं.

घरकाम करणाऱ्या बाईंसाठी मात्र कायद्याने आपल्यावर पीएफ येत नाही. श्रमयोगी मानधन योजनेत १८ ते ४० वयाची, महिना १५,०००पर्यंत कमावणारी व्यक्ती वयानुसार ५५ ते २०० रुपये भरते, केंद्र सरकार तेवढेच घालतं आणि साठीनंतर महिना ३,००० पेन्शन असते. वर्षाचा पूर्ण हप्ता ६६० ते २,४०० रुपये होतो आणि तो घरमालकाला त्यांच्या नावाने भरता येतो. आधार, बँक पासबुक आणि मोबाइल घेऊन जवळच्या सामायिक सेवा केंद्रात त्यांच्याबरोबर जा, कारण पहिली नोंदणी तिथेच अडते: आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही. आधी बँकेतलं नाव दुरुस्त करून घ्या, मग अर्ज करा.